बुजुर्गांची खोली : कापड, लाकूड आणि रंगाच्या कामाचा धडा

वृद्धाश्रम हा शब्द कानावर पडला की आपल्या समाजात पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. आई-वडिलांना घराबाहेर ठेवणे आपल्याकडे लाजेचे मानले जाते, आणि ते चांगलेच आहे. पण व्यापारी माणसाला डोळे मिटून चालत नाही. मुले मुंबईत किंवा आखाती देशांत, घरी म्हातारा-म्हातारी दोघेच, त्यातला एक अंथरुणाला खिळलेला, असे चित्र आज सर्व समाजांत दिसते. ज्यांना मूलबाळ नाही त्यांचा प्रश्न तर आणखी कठीण. अशा बुजुर्गांसाठी ठिकठिकाणी निवास उभे राहिले आहेत आणि त्यांच्या खोल्या कोणी ना कोणी सजवतोच. पडदे कोणी शिवतो, पलंग कोणी बनवतो, भिंती कोणी रंगवतो. हे सारे हुनर आपल्या कारागिरांच्या हातात आहे.

मात्र लग्नाचा हॉल आणि हॉटेलची खोली सजवण्याची सवय असलेला हात म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत चुकतो. हॉटेलात पडदा वाईट दिसला तर गिऱ्हाईक नाक मुरडते, एवढेच. इथे सतरंजीची कड वर आली तर म्हातारी अडखळून पडते, खुब्याचे हाड मोडते आणि पुष्कळदा ती पुन्हा पहिल्यासारखी चालत नाही. म्हणून या कामात शोभा नंतर, आधार आधी. खोलीतली प्रत्येक वस्तू बुजुर्गाच्या डोळ्याला दिसली पाहिजे, हाताला धरता आली पाहिजे आणि पायाला अडली नाही पाहिजे. आजचा सारा धडा या एका वाक्याचा विस्तार आहे.

एक खुलासा आधी करतो. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की डॉक्टरांचा छोटा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. इथे तो अर्थ नाही. जिथे म्हातारी माणसे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची शुश्रूषाही होते, अशा निवासाबद्दल आपण बोलत आहोत. दवाखान्यातून माणूस चार दिवसांत घरी जातो. इथे तीच खोली त्याचे घर असते.

काम कुठून येते?

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यातील ‘निवारा’ हा वृद्धाश्रम १८६० च्या दशकात सुरू झाला. तेव्हा त्याला डेव्हिड ससून यांचे नाव होते. ससून हे बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी. १८६४ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. निराधार वृद्धांच्या आसऱ्यासाठी व्यापारातला पैसा दीडशे वर्षांपूर्वीच खर्च झाला, ही आपण व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. २००७ साली केंद्र सरकारने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा केला. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० माणसे राहू शकतील असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद त्यात आहे. पैसे देऊन राहणाऱ्यांसाठी बिल्डर लोक जे गृहप्रकल्प बांधतात त्यांच्याकरिता केंद्राने २०१९ मध्ये आणि महारेराने मे २०२४ मध्ये नमुना नियम जाहीर केले.

महारेराचे हे नियम कारागिरांनी वाचून ठेवावेत. दरवाजा ९०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे तीन फुटांपेक्षा अरुंद नसावा आणि शक्यतो सरकता असावा. जिना १५०० मिलिमीटर रुंद असावा, त्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा आणि सलग बारापेक्षा जास्त पायऱ्या नसाव्यात. न्हाणीघरात न घसरणाऱ्या फरशा आणि धरायला दांड्या असाव्यात. फर्निचरबद्दलही त्यात सांगितले आहे : वजनाला हलके, बांध्याला मजबूत आणि टोकदार कडा नसलेले. हे वाक्य सुतार बांधवांनी आपल्या दुकानात लिहून लावावे. उद्या वास्तुविशारद हीच अट कागदावर घेऊन येईल, तेव्हा आपण तयार असलेले बरे.

आमचे इगतपुरी-घोटी मुंबई आणि नाशिक यांच्या दरम्यान, रेल्वेवर आणि आग्रा रोडवर वसलेले. हवा थंड, डोंगर जवळ. म्हातारपणी राहायला अशी जागा लोकांना आवडते. पण इथला पाऊस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. जून ते सप्टेंबर कपडा वाळत नाही, भिंतीला ओल येते, लाकूड फुगते. तेव्हा मुंबईच्या शोरूममधला नमुना जसाच्या तसा इथे चालत नाही. घाटमाथ्यावर, कोकणात, पाऊसकाळाच्या कोणत्याही गावी हेच लागू आहे.

म्हाताऱ्या डोळ्याला काय दिसते?

रंग निवडण्यापूर्वी डोळ्याची हकीकत समजून घ्यावी. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते, बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारी खोली त्यांना संध्याकाळसारखी भासते. त्यात गंमत अशी की प्रकाश जास्त हवा असतो, पण चकाकी सोसत नाही. उघडा बल्ब, गुळगुळीत फरशीवर पडलेले ऊन, चकचकीत सनमायका यांनी डोळे दिपतात.

पिवळ्या भिंगामुळे रंगांचीही गल्लत होते. गडद निळा आणि काळा एकच वाटतो. फिका निळा, फिका हिरवा आणि राखाडी यांतला फरक कळत नाही. आपल्या तरुण ग्राहकांना आज फिक्या रंगांची आवड आहे : राखाडी भिंत, राखाडी सोफा, राखाडी पडदा. बुजुर्गाला अशा खोलीत सोफा कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते ते दिसत नाही. मग बसायला जाताना अंदाज चुकतो.

यावर उपाय महाग नाही. जी वस्तू दिसायला हवी तिचा रंग तिच्या मागच्या रंगापेक्षा स्पष्ट वेगळा ठेवावा. एक फिका तर दुसरा गडद. फिकी फरशी असेल तर खुर्चीची बैठक विटकरी किंवा गडद हिरवी. पांढऱ्या भिंतीवर कठडा तपकिरी. पांढऱ्या कमोडला रंगीत बैठक. दाराची चौकट दारापेक्षा गडद. विजेच्या बटणाच्या पाटीला रंगीत पट्टी. रंगारी बांधवांनी एक सोपी कसोटी लावावी : दोन्ही रंगांचा मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढावा. फोटोत दोन्ही एकसारखे राखाडी दिसले, तर म्हाताऱ्या डोळ्यालाही ते जवळपास सारखेच दिसणार. निवड बदलावी.

याचा असर जेवणावरही होतो. अमेरिकेत बोस्टन येथील संशोधकांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विस्मरणाच्या आजारात पुढे गेलेल्या थोड्या रुग्णांना त्यांनी पांढऱ्या ताट-पेल्यांऐवजी लाल भांड्यांत जेवण दिले. जेवण सुमारे २५ टक्के आणि पेयाचे सेवन ८४ टक्के वाढले. रुग्ण थोडे होते, म्हणून हा आकडा सर्वांना लागू धरू नये. पण विचार करण्यासारखा आहे. पांढऱ्या ताटात पांढरा भात आणि पांढरे दही वाढले, तर अधू डोळ्याच्या माणसाला ताटात अन्न आहे हेच नीट कळत नाही. भांड्यांच्या आणि टेबलक्लॉथच्या व्यापाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विस्मरणाचा आजार हा काही थोड्यांचा प्रश्न नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठ वर्षांवरील शंभर माणसांत सात-आठ जणांना हा आजार आहे. एकूण अंदाज ८८ लाखांचा. अशा माणसाला जमिनीवरचा काळा चौकोनी गालिचा खड्डा वाटतो आणि तो त्याला ओलांडायला जातो. चकाकणारी फरशी ओली वाटते. जमिनीवर फुलापानांची नक्षी असेल तर फुले उचलायला तो वाकतो. म्हणून जमिनीवर एकच रंग, मंद पोत आणि नक्षी नाही. नक्षी करायचीच असेल तर पलंगपोसावर आणि उशीच्या अभ्ऱ्यावर करावी, तीही मोठी आणि मोकळी.

जमीन आणि आधार

फरशी खरखरीत, न चमकणारी घ्यावी. नमुना दुकानात कोरडा पाहून ठरवू नये. त्यावर पाणी आणि थोडा साबण ओतून अनवाणी पायाने दाबून पाहावे. उंबरा काढून टाकावा. चढउतार असेलच तर उतरण करावी. तिचा हिशेब एकास बारा असा आहे. सहा इंच उंची चढायची असेल तर उतरण निदान सहा फूट लांब हवी.

सुटी सतरंजी, सुटे पायपुसणे आणि घडी पडणारा गालिचा या खोलीत आणूच नये. आपल्याकडे पावसाळ्यात दाराशी गोणपाट टाकण्याची पद्धत आहे. तरुण पायांना ते चालते, बुजुर्गांच्या पायात ते गुंतते. त्याऐवजी दाराशी फरशीत खाच करून जाड काथ्याचे पायपुसणे जमिनीच्या पातळीत बसवावे. बाजूलाच एक बाक ठेवावा, म्हणजे बसून चपला काढता येतील.

धरायच्या दांडीबद्दल फॅब्रिकेटर बांधवांना एक विनंती. टॉवेल टांगायची नळी आणि आधाराची दांडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पडणारा माणूस पूर्ण वजनाने दांडीला लोंबकळतो. म्हणून ती पक्क्या भिंतीत मोठ्या बोल्टांनी बसवावी आणि बसवल्यावर स्वतः लोंबकळून पाहावे. जाडी सुमारे दीड इंच असावी, म्हणजे मूठ नीट बसते. भिंत आणि दांडी यांत दीड ते दोन इंच जागा ठेवावी, त्याहून जास्त ठेवली तर हात आत अडकतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्री एक मंद दिवा जळत राहील आणि धरायला काही ना काही सापडेल, अशी ओळ असावी. बुजुर्ग रात्री दोन-तीन वेळा उठतात, ते याच वाटेने.

मुस्लिम बुजुर्ग जिथे राहतात तिथे वजूची सोय हा मोठा प्रश्न असतो. उभ्या बेसिनमध्ये पाय उचलून धुताना तोल जातो. त्याऐवजी सतरा-अठरा इंच उंचीची बैठक, समोर खाली नळ, पाणी लगेच वाहून जाईल असा उतार आणि बाजूला धरायला दांडी, एवढे करावे. हीच बैठक इतर धर्मांच्या माणसांनाही पाय धुवायला उपयोगी पडते, त्यामुळे संस्थाचालक तिला नाही म्हणत नाहीत.

सुतारासाठी : खुर्ची आणि पलंग

आज बाजारात जे सोफे येतात ते खोल, बुटके आणि मऊ असतात. त्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवायला दोन माणसे लागतात. खुर्चीचे माप कॅटलॉगवरून घेऊ नये, माणसावरून घ्यावे. चप्पल घालून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत जेवढी उंची, तेवढी किंवा तिच्याहून एखादा इंच जास्त बैठकीची उंची असावी. बहुतेकांना १७ ते १९ इंच जमते. सगळ्या खुर्च्या एकाच उंचीच्या केल्या तर ठेंगण्या बायांचे पाय लोंबकळतात. म्हणून वीस खुर्च्यांच्या कामात दोन-तीन उंच्या ठेवाव्यात.

बैठकीची खोली १७-१८ इंचांहून जास्त नसावी, नाहीतर पाठ टेकत नाही. हात बैठकीपासून आठ इंचांच्या आसपास वर आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, कारण उठताना माणूस हाताच्या टोकावर भार देतो. खुर्चीखाली पुढची आडवी पट्टी नसावी. उठताना पाय मागे घ्यावे लागतात आणि ती पट्टी टाचेला अडते. फोम घट्ट घ्यावा, हाताने दाबला की लगेच वर येणारा. कडा गोल कराव्यात. पायांना रबरी बूट घालावेत, त्याने खुर्ची घसरत नाही आणि ओल्या फरशीचे पाणी लाकडात चढत नाही.

पलंगाचाही नियम तोच. गादीसकट उंची मोजावी. काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पलंगाखाली मोकळी जागा हवी, झाडता येईल आणि पुसता येईल. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळायला पाच फुटांचे वर्तुळ लागते, ते पलंगाच्या एका बाजूला मोकळे राहील असा नकाशा आधी काढावा.

कपाटाचे कप्पे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत असावेत. विसराळू माणसाला बंद दारामागचे कपडे आठवत नाहीत, म्हणून एक-दोन कप्पे उघडे ठेवावेत. कपाटाची पाठ भिंतीपासून दोन इंच दूर ठेवावी आणि पाणी सोसणारे प्लाय वापरावे. इगतपुरीसारख्या ठिकाणी भिंतीला चिकटलेल्या कपाटात श्रावणापर्यंत बुरशी धरते.

कापडवाल्यासाठी : चादर, पडदा, खोळ

आता आमच्या धंद्याकडे येतो. संस्थेच्या चादरीला घरच्या चादरीपेक्षा कितीतरी जास्त धुणे सोसावे लागते. गरम पाणी, ब्लीचिंग, मशीन. म्हणून विणीला घट्ट, सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र कापड द्यावे. सॅटिन देऊ नये. ते दिसते छान, पण त्यावर माणूस घसरत पायथ्याला जातो. पूर्ण पॉलिस्टर घाम शोषत नाही, अंथरुणावरच्या माणसाची पाठ ओली राहते आणि जखमा होतात. त्याच कारणासाठी चादरीला मधोमध जोड नसावा, बटण नसावे, जाड भरतकाम नसावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शिवणीची एक ओळसुद्धा टोचते.

मापाचा हिशेब असा. गादी ३६ इंच रुंद, ७५ इंच लांब आणि ४ इंच जाड धरू. दोन्ही बाजूंनी जाडीचे ८ इंच आणि खाली खोवायला दोन्ही बाजूंनी मिळून १६ इंच. म्हणजे तयार चादर रुंदीला ६० आणि लांबीला ९९ इंच. लांबीत दुमडीसाठी ४ इंच वाढवले की १०३ झाले. कापड धुण्यात ५ टक्के आटते असे धरले तर लांबी सुमारे १०८ इंच, म्हणजे बरोबर तीन वार. रुंदीला ६३ इंच पन्हा लागेल. आट प्रत्येक कापडाची वेगळी असते. म्हणून ताका घेण्यापूर्वी एक वार तुकडा तीन वेळा गरम पाण्यात धुऊन, वाळवून मोजावा आणि मगच भाव द्यावा.

एका पलंगाला किती चादरी? एक अंथरलेली, एक धुण्यात, एक वाळत, एक कपाटात. कोरड्या गावी चार पुरतात, आमच्याकडे पावसाळ्यासाठी पाचवी हवी. तीस पलंगांचा निवास असेल तर १५० चादरी आणि ४५० वार कापड. आमच्याच जिल्ह्यातले मालेगाव यंत्रमागाचे मोठे गाव आहे. पण हा पन्हा प्रत्येक मागावर निघत नाही, तेव्हा ऑर्डर घेण्यापूर्वी मागवाल्याशी बोलून घ्यावे. टॉवेल आणि जाड चादरीसाठी सोलापूर आहेच.

अंथरूण ओले होण्याचा प्रश्न असतोच. संपूर्ण गादीला प्लास्टिकची खोळ घातली तर ती तापते आणि कुशीवर वळले की आवाज करते. त्यापेक्षा पलंगाच्या मधल्या भागापुरते पाणी न झिरपणारे कापड आणि त्यावर तीन फूट रुंदीची आडवी सुती चादर अंथरावी. रात्री ओले झाले तर तेवढीच चादर बदलता येते, सगळे अंथरूण उपसावे लागत नाही. सेवा करणाऱ्या बाईचा त्रास वाचतो आणि बुजुर्गाची इज्जतही राहते.

खुर्चीच्या बैठकीला रेक्झिन लावले तर पुसायला सोपे पडते, पण उन्हाळ्यात अंगाला चिकटते. सुती-मिश्र खोळ, तिच्याखाली पाणी अडवणारा थर आणि तीन बाजूंनी चेन, असे शिवावे. खोळ एका मिनिटात निघाली पाहिजे. प्रत्येक खुर्चीला दोन खोळी बिलातच धराव्यात.

पडदे दुहेरी करावेत. दिवसा चकाकी अडवणारा पातळ, रात्री अंधार करणारा जाड. लांबी जमिनीपासून दोन इंच वर संपावी. लोळणारा पडदा हॉटेलात ऐटबाज दिसतो, इथे तो काठीत अडकतो. ओढायच्या लोंबत्या दोऱ्या नकोत. कड्या मोठ्या आणि हलक्या सरकणाऱ्या घ्याव्यात, संधिवाताच्या बोटांना जोर लावता येत नाही. सिंथेटिक पडदा पेटला की वितळून अंगाला चिकटतो. म्हणून स्वयंपाकघर आणि देवापुढचा दिवा असेल तिथून तो दूर ठेवावा, आणि आग लवकर न धरणारे कापड मिळत असेल तर त्याचा लेखी दाखला घ्यावा.

आणखी एक गोष्ट. पडद्याचा दांडा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक फूट लांब ठेवावा. म्हणजे पडदा सरकवल्यावर सारी काच मोकळी होते. याला महत्त्व आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी १९८४ साली एका इस्पितळातील ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली होती. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. बाहेर डोंगर आणि धबधबे असताना आपण अर्धी खिडकी कापडाने झाकावी, हे शहाणपणाचे नाही.

घर वाटले पाहिजे

संस्थाचालकांना सगळ्या खोल्या एकसारख्या आवडतात. ऑर्डर सोपी, हिशेब सोपा. पण एकसारख्या तीस दारांत बुजुर्गाला आपले दार सापडत नाही. दारांना तीन-चार वेगळे रंग द्यावेत किंवा दाराशेजारी एक कोनाडा करावा, ज्यात तो आपली ओळखीची वस्तू ठेवील. खोलीत त्याची स्वतःची पेटी, स्वतःची गोधडी, घरून आणलेली एक खुर्ची यांना जागा ठेवावी. कोणाला जायनमाज ठेवायला कोनाडा हवा, कोणाला देवाच्या तसबिरीला खुंटी.

१९७६ साली लँगर आणि रोडिन या दोन संशोधक स्त्रियांनी अमेरिकेतील एका वृद्ध निवासात प्रयोग केला. काही बुजुर्गांना खोलीची मांडणी आणि आपला वेळ स्वतः ठरवायला सांगितले आणि सांभाळायला एक रोपटे दिले. इतरांनाही रोपटे मिळाले, पण त्याची निगा आणि बाकी सारे कर्मचाऱ्यांच्या हाती राहिले. स्वतः ठरवणारे जास्त आनंदी आणि चपळ राहिले. नेदरलँड्समध्ये २००९ साली सुरू झालेल्या होगेवेक या वस्तीत तर विस्मरणाच्या रुग्णांसाठी घरे, दुकान, गल्ल्या असे छोटे गावच केले आहे. आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. पण कापडाचे चार नमुने घेऊन संस्थाचालकाच्या टेबलाशी जाण्याऐवजी बुजुर्गांच्या पलंगाशी जावे आणि “दादी, यातला कोणता आवडला?” असे विचारावे, याला खर्च काही लागत नाही.

काम घेताना

पहिली गोष्ट, जागा दिवसा आणि दिवेलागणीला अशी दोनदा पाहावी. चाकाच्या खुर्चीत बसून सगळीकडे फिरून यावे. जिथे आपला हात पोहोचला नाही तिथे बुजुर्गाचाही पोहोचणार नाही.

दुसरी, सुतार, रंगारी, शिलाईवाला आणि फॅब्रिकेटर यांनी वेगवेगळे दर देऊन एकमेकांना पाडू नये. चौघांनी मिळून एक खोली पूर्ण करून दाखवावी. ती महिनाभर वापरू द्यावी, चादरी धुऊ द्याव्यात, मग जे खटकेल ते सुधारून बाकीच्या खोल्या घ्याव्यात. अशा कामात नमुन्याची खोली हीच आपली जाहिरात.

तिसरी, पक्के बिल, कापडाचा प्रकार, आट आणि बदलून देण्याची मुदत लेखी द्यावी. संस्थांचा पैसा उशिरा येतो, म्हणून कापडाची रक्कम आगाऊ घ्यावी आणि मजुरी टप्प्याटप्प्याने.

चौथी, ग्राहक चुकीची वस्तू मागत असेल तर ती विकण्यापूर्वी त्याला धोका सांगावा. चकचकीत फरशी आणि सॅटिनची चादर यांत नफा जास्त असतो. पण तिथे कोणी पडले तर माल कोणत्या दुकानातून आला हे गाव विसरत नाही. खरे सांगणाऱ्या व्यापाऱ्याकडे माणूस दुसऱ्यांदा येतो, आणि रोजीत बरकत येते ती अशाच गिऱ्हाइकांमुळे.

ज्यांना या कामाचा हात बसवायचा आहे त्यांनी वृद्धाश्रमाची ऑर्डर येण्याची वाट पाहू नये. प्रत्येकाच्या घरात वालिद, वालिदा, एखादी खाला किंवा शेजारची म्हातारी असतेच. या आठवड्यात तिची खुर्ची मोजावी, पायाखालची सुटी सतरंजी काढावी, न्हाणीघरात एक पक्की दांडी बसवावी, कमोडची बैठक रंगीत करावी. दोन-तीनशे ते हजार-दोन हजार रुपयांत हे होते. महिन्याने तिलाच विचारावे की काय जमले आणि काय जमले नाही. ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या ऑर्डरची मापे त्याच वहीतून निघतील.